राउटरचा दुसरा पोर्ट आयपी घेतच नाहीये, ओव्हरलॅप म्हणतोय

मंडळी, पहिल्या पोर्टला १९२.१६८.१.१ दिलाय, मास्क (आयपीचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. दुसऱ्याला १९२.१६८.१.१२९ आणि मास्क २५५.२५५.२५५.१२८ टाकला की ओव्हरलॅपचा एरर येतो, आयपी तर वेगळा आहे ना मग अडतंय कुठे? सकाळपासून यातच अडकलोय.

उत्तर: नुसता आयपी वेगळा असून भागत नाही, नेटवर्क वेगळं लागतं. तुझ्या पहिल्या मास्कने शेवटच्या आकड्याची ० ते २५५ सगळी रेंज घेतलीये, १२९ त्यातच येतो. पहिल्या पोर्टलाही १२८ वालाच मास्क दे, म्हणजे एक नेटवर्क ० ते १२७, दुसरं १२८ ते २५५, प्रत्येकात १२६ आयपी वापरता येतात कारण पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता).

दुसरं उत्तर: पीसीवरचे मास्क पण बदल हां, हे हमखास राहून जातं. जुना मास्क राहिला तर पीसीला पलीकडचा पीसी आपल्याच नेटवर्कमधला वाटतो, मग तो गेटवेकडे (म्हणजे राउटरच्या पोर्टकडे) न जाता थेट एआरपी करत बसतो, म्हणजे त्या आयपीचा हार्डवेअर पत्ता विचारत राहतो. दुसऱ्या बाजूचा गेटवे १२९ टाक.

झालं! एरर गेला, पण पोर्ट डाऊनच दिसत होता, नो शटडाऊन (पोर्ट चालू करायची कमांड) दिल्यावर पिंग (पलीकडे पोहोचतंय का ते तपासणं) लागला. खूप आभार दोघांचे.