पेट्रोलचे दर सतत वर-खाली, खर्च आटोक्यात कसा ठेवायचा?

प्रश्न: दर वाढले की टाकी अर्धीच भरतो. वजन कमी झाल्याने ॲव्हरेज वाढतं का? आणि उतारावर न्यूट्रल करावं का?

उत्तर १: २० लिटर कमी भरलं तर जेमतेम १५ किलो वाचतात. फरक कळणारही नाही.

उत्तर २: न्यूट्रल अजिबात नको! फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बंद होतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला (इंजिन नुसतं चालू ठेवायला) पेट्रोल जळतच राहतं. शिवाय इंजिन ब्रेकिंग (गिअरमध्ये इंजिनच वेग रोखून धरतं ते) जातं, ब्रेक तापतात.

उत्तर ३: आधी टायरमधली हवा बघा, टायर थंड असताना. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा धरा. टायरवर छापलेला दाब कमाल असतो. तरीही ॲव्हरेज पडत असेल, तर गाडी थोडी चालवून रिमजवळ हात न्या (लावू नका, भाजेल). एकच चाक जास्त तापलं असेल तर बहुधा कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम आहे, ब्रेक घासतोय.