मदत हवी आहे : कुडाळ ते तिळारी, कच्च्या वाटांनी सायकलने

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात मी आणि माझी बहीण तीन दिवस ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या रस्त्यांवर चालणारी, जाड टायरची सायकल) फिरणार आहोत. कुडाळहून नेरूरपारमार्गे धामापूर, मग सावंतवाडीचा मोती तलाव आणि शेवटी दोडामार्गातलं तिळारी धरण. धामापूरचा तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ आणि भोवती दाट झाडी. तिथे पहाटे पोचायचंच, हे नक्की.

हायवे शक्यतो टाळायचा आहे. सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) आणि काजूच्या बागांमधून जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा हव्यात. धामापूरहून सावंतवाडीकडे अशी सलग वाट कोणी सायकलने केली आहे का? नकाशात रेघ दिसते, पण मध्येच व्हाळ (ओढा) लागतो की कोणाच्या बागेचं कुंपण, ते तिथल्या माणसालाच ठाऊक.

टायर 40 मिमीचे, ट्यूबलेस आहेत. जांभ्याचे सुटे खडे उतारावर गोट्यांसारखे घरंगळतात. मागच्या वर्षी बहीण अशाच उतारावर पडली, कोपर चांगलंच सोललं. म्हणून हवा किती ठेवता ते जरूर सांगा. आम्हा दोघींचं वजन प्रत्येकी साठ किलोच्या आसपास आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिळारी खोऱ्यातले हत्ती. संध्याकाळी त्या बाजूला थांबायचंच नाही, हे ठरलंय. पण सकाळी निघण्याआधी कोणत्या गावात चौकशी करावी? भेडशीत घरगुती राहायची सोय होते का? दोघी बायकाच आहोत, म्हणून स्वतः राहून आलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.