मदत हवी आहे: व्हिएन्नाचं जुनं डान्स कार्ड, आतली पेन्सिलीची नावं पुसट होतायत

नमस्कार मंडळी, नोकरीसाठी दोन वर्षं व्हिएन्नात आहे. इथे नाशमार्क्ट या बाजाराला लागून दर शनिवारी जुना बाजार भरतो, तिथून मागच्या महिन्यात तळहातापेक्षाही लहान अशी एक डायरीसारखी वस्तू घेतली. वर पांढरट-पिवळी दोन कव्हरं, आत घडीचा कागद, रेशमी दोरी आणि दोरीला काडेपेटीच्या काडीएवढी पेन्सिल. आत १८८७ छापलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे डान्स कार्ड बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, आलेल्या बायकांना दारात भेट म्हणून द्यायचे, इथे त्याला डामेनस्पेंडे म्हणतात आणि ऑपेरा बॉलला अजूनही काहीतरी भेट देतातच. डावीकडे त्या रात्रीचे नाच ओळीने छापलेले, वॉल्ट्झ, पोल्का, क्वाड्रिल, पुन्हा वॉल्ट्झ, आणि समोर रिकामी रेघ. ज्याच्याबरोबर तो नाच ठरला त्याचं नाव त्या रेघेवर. कार्ड मनगटाला अडकवून रात्रभर मिरवायचं. एकाच माणसाचं नाव फार वेळा आलं तर चर्चा व्हायची म्हणे.

माझ्या कार्डावर १४ नाच आहेत, ११ भरलेत, आणि दुसरी क्वाड्रिल आणि अगदी शेवटचा वॉल्ट्झ या दोन्हींसमोर एकच नाव एकाच हाताने लिहिलंय. ते मला वाचायचंय, मनापासून वाचायचंय, पण अक्षर जुन्या जर्मन वळणाचं आहे, ऑफिसमधल्या ऑस्ट्रियन लोकांनाही लागेना. आपल्याकडे पणजोबांचे मोडी कागद घरात असतात आणि कोणालाच वाचता येत नाहीत, अगदी तसंच.

आता अडचण. विकणारा म्हणाला कव्हर हस्तिदंती आहे, म्हणून मी जपून घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवलं. काल उघडलं तर कापरासारखा वास आला, पेन्सिलीच्या धातूच्या टोपणावर हिरवट थर आलाय आणि नावं आधीपेक्षा पुसट वाटतायत. उन्हाने तर नाही ना झालं? काय करू? आणि हस्तिदंत असेल तर दिवाळीला येताना पुण्याला आणता येईल का, आईला दाखवायचंय.

प्रतिसाद १
आधी डबीतून बाहेर काढा, आजच. कापराचा वास येतोय म्हणजे बहुतेक सेल्युलॉइड आहे, ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळूनच बनतं आणि त्या काळात हस्तिदंताऐवजी सर्रास वापरायचे. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते, बंद डबीत कोंडते, धातू हिरवा पडतो तो त्यानेच, आणि कागदही खराब होतो. हवेशीर, थंड जागी ठेवा, कव्हर आणि कागदाच्या मध्ये आम्लरहित टिश्यू घाला. कोणी तापलेली सुई टोचून बघा म्हणालं तर अजिबात नको, हे भसकन पेट घेतं. भिंगातून कडेला बघा, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वाकड्या रेषा असतात, नकलेत नुसत्या समांतर.
खरंच हस्तिदंत निघालं तर सोबत आणू नका. देशाबाहेर न्यायला सायटिसची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात आणि भारतात त्याचा व्यापार बंद आहे.
पेन्सिल उन्हाने उडत नाही हो, ग्रॅफाइट आहे ते, समोरच्या पानावर घासून जातं. सारखं उघडझाप करू नका, खोडरबर तर लावूच नका. बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा, दाबाचे व्रण दिसतात. लिपीचं नाव कुरेंट, १९४१ पर्यंत शाळेत शिकवायचे. त्यात ई हे अक्षर आपल्याला एन वाटतं, तिथून सुरुवात करा.

धागाकर्ती
बाहेर काढलं, टिश्यू घातला. कडेच्या रेषा समांतरच आहेत, म्हणजे आईला दाखवता येईल, फक्त विमानात पेट घेणारी वस्तू नेण्याचे नियम आधी विचारते. टॉर्च तिरपा धरून फोटो काढले आणि मी आठवडाभर पी-एन-टी-एन-आर वाचत बसले होते ते पेटर निघालं!! दोन्हीकडे पेटरच. आडनाव अजून लागत नाहीये, शेवटचं अक्षर खाली लांब वळलंय. कुरेंट येणारं कोणी आहे का इथे? फोटो टाकते.