मदत हवी आहे: हळव्या बॉर्डर कोलीसाठी योग्य घर (गोवा)

नमस्कार मंडळी. पेडण्याच्या बाजूला भाड्याचं घर सोडताना कुणीतरी मागे टाकलेली बॉर्डर कोली कुत्री सध्या आमच्याकडे फोंड्याला आहे. तिच्यासाठी कायमचं घर शोधतोय. घाई अजिबात नाही; चुकीच्या घरी जाऊन परत येण्यापेक्षा ती इथेच राहिलेली बरी.

ही इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची मेंढ्या वळणारी जात. मेंढपाळाची शीळ दुरून ऐकून वळायचं, हे तिच्या रक्तातच. त्यामुळे कान फार तिखट. घरात कुणी नुसता आवाज चढवला तरी खाटेखाली जाते, तासन्‌तास बाहेर येत नाही. मग नरकासुराच्या रात्री तिचं काय होईल? शिगम्याचे ढोल? भर वस्तीतल्या घराला म्हणूनच मन धजत नाही. पळणारी पोरं किंवा स्कूटर दिसली की वळवायला धावते, टाचेला तोंड लावते. लहान मुलं असलेल्या घरी नकोच.

सत्तरी-सांग्याकडे कुंपणाची बागायत, शांत माणसं आणि तिच्या डोक्याला रोज काम देणारं कुणी माहीत आहे का? नुसती मोकळी जागा पुरत नाही हिला.

आणखी एक. गोचिडींसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध सुचवलंय, पण कोली जातींत एमडीआर१ जनुकातल्या दोषामुळे ते जिवावर बेतू शकतं. या जनुकाची तपासणी गोव्यातून कुणी करून घेतली आहे का? नमुना कुठे पाठवलात?