विद्यापीठात प्रवेश मिळाला. विभाग आणि राहण्याची जागा कोठे शोधावी?

अंबाजोगाईकर:
माझ्या मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जर्मन भाषेच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे. गणेशखिंडीचा परिसर ४११ एकरांचा असल्याचे समजले; तेव्हा विभागापासून मुलींचे वसतिगृह किती दूर पडेल, आणि तेथे जागा न मिळाल्यास औंध किंवा सांगवीत खोली पाहावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना विद्यार्थी:
खोली पाहण्याची घाई करू नये, कारण परकीय भाषा विभाग गणेशखिंडीत नाहीच. तो फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत भरतो, आणि विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून तेथवर चारेक किलोमीटर अंतर आहे. रिक्षावाल्याला नुसते ‘विद्यापीठ’ म्हटले की तो गणेशखिंडीलाच नेणार. मग मनोऱ्याची जुनी इमारत, जी विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन होण्यापूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होती, तिच्याभोवती विभाग शोधत फिरणे आले. (आमच्या वर्गातील दोघांनी हे केलेले आहे.) गणेशखिंडीत काम पडलेच, तर इमारतीच्या नावापेक्षा जयकर ग्रंथालय, अनिकेत कॅन्टीन, आयुका (खगोलशास्त्र संस्था) किंवा खडकी गेट अशी खूण धरून विचारावे, झाडीत पाट्या चटकन दिसत नाहीत.

खडकीवासी:
वसतिगृहाचा अर्ज विभागातील प्रवेशाहून वेगळा असतो आणि विभागात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच, असे होत नाही. ‘तूर्त मैत्रिणीच्या खोलीत राहीन’ असे मुलगी म्हणाली तर तिला थांबवावे. अशा राहणाऱ्यांना येथे ‘पॅरासाइट’ म्हणतात आणि तपासणी झाली की अडचण दोघींचीही होते. त्यापेक्षा शिवाजीनगर किंवा डेक्कनकडे ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागा पाहावी. सांगवीत भाडे कमी पडेल, पण रोजच्या बसप्रवासात वेळ जाईल.

अंबाजोगाईकर:
आभारी आहे, आम्ही औंधला अनामत देण्याच्या बेतात होतो. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत; बाहेर राहिल्यास काही साहाय्य मिळते का?

जुना विद्यार्थी:
शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी समाजकल्याण विभागाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून थेट बँक खात्यात रक्कम मिळते. त्यामुळे शासकीय वसतिगृहाचा अर्जही भरून ठेवावा, आणि जागा ठरवताना घरमालकाकडून भाडेकरार लेखी घ्यावा.