मदत हवी आहे : स्वतः ऑइल बदललं, आता पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसतेय

नमस्कार मंडळी,

काल दुपारी पहिल्यांदाच गाडीचं इंजिन ऑइल मी स्वतः बदललं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही. गाडी बाबांची. अकरा वर्षं त्यांनी चालवली. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघायची, हा त्यांचा नेम होता. आता गाडी माझ्याकडे आली आहे आणि माझ्या हातून तिच्या इंजिनाला काही होऊ नये एवढंच वाटतंय. म्हणून काहीही न गाळता सगळं लिहिते.

पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर. पुस्तिकेत दिलंय: फिल्टर बदलला तर ३.७ लिटर, नाही बदलला तर ३.५ लिटर, ग्रेड ५डब्ल्यू-३०. गाडी पुढून जॅकने उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावले, मागच्या चाकांना अडण्या लावल्या. इंजिन थंड होतं. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइल साठणाऱ्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट काढून पंधराएक मिनिटं ऑइल गळू दिलं. धार थांबून थेंब पडायला लागले तेव्हा नवीन वॉशर घालून बोल्ट बसवला. फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. मग कॅनच्या खुणांवर मोजून बरोबर ३.७ लिटर नवीन ऑइल ओतलं. इंजिन एक मिनिट चालू केलं. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला, खाली कुठेही गळती नाही. गाडी खाली घेतली आणि दहा मिनिटांनी पट्टी काढली.

इथून गोंधळ सुरू झाला. पट्टीच्या एका बाजूला ऑइल वरच्या खुणेच्या थोडं खाली, दुसऱ्या बाजूला बरंच वर, तेही ओघळासारखं. नवीन ऑइल इतकं पारदर्शक की कुठे संपतं तेच कळेना. पुसून चार वेळा पाहिलं, चारही वेळा वेगळं. आज सकाळी इंजिन चालू न करता पुन्हा पाहिलं तर दोन्ही बाजूंना स्वच्छ रेघ, वरच्या खुणेच्या ८ मिलिमीटर वर! दोन खुणांमधलं अंतर पट्टी मोजून २० मिलिमीटर आहे.

पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणेच ओतलं, मग जास्त कसं झालं? अशी गाडी चालवली तर चालेल का? आणि काढायचं असेल तर नेमकं किती आणि कसं? कृपया सांगा. गाडी तोपर्यंत हलवणार नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी पट्टी शेवटपर्यंत बसते आहे का ते बघा. वरचा कडीचा भाग नळीच्या तोंडावर पूर्ण टेकला पाहिजे. आणि पट्टी कंपनीची मूळचीच आहे ना? मध्ये कधी तुटून दुसरी बसवली असेल आणि लांबीत फरक असेल तर सगळी मोजणी चुकते.

प्रतिसाद २

दोन गोष्टी विचारतो. बदलण्याआधी पातळी किती होती? आणि निघालेलं ऑइल कशात तरी मोजता येईल का? नुसतं ‘८ मिलिमीटर वर’ यावरून अंदाज करण्यापेक्षा हे दोन आकडे मिळाले तर चित्र स्पष्ट होईल.

आणखी एक, रागावू नका: तुम्ही इंजिनाचाच बोल्ट काढला ना? काही गाड्यांत गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट जवळच असतो. चुकून गिअरचं ऑइल काढलं आणि इंजिनात भर घातली असे प्रकार होतात. त्यात इंजिन दुप्पट भरतं आणि गिअरबॉक्स कोरडा.

धागाकर्ती

रागावते कशाला, बरं झालं विचारलंत. ऑइल काळं निघालं आणि गिअरचा बोल्ट वेगळा आहे, पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहिलं. पट्टी मूळचीच आहे, पूर्ण टेकते.

आदल्या दिवशी पाहिलं होतं तेव्हा पातळी बरोबर वरच्या खुणेला होती. निघालेलं ऑइल आत्ता नवीन ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतून मोजलं. ३.१ लिटर भरलं. जुना फिल्टर उपडा करून निथळत ठेवला होता, त्यातलं वेगळं साधारण २०० मिली.

प्रतिसाद ३

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. इंजिन वरच्या खुणेपर्यंत भरलेलं होतं. नीट निथळलं असतं तर फिल्टरसकट ३.७ लिटर निघायला हवं होतं. निघालं ३.१ आणि ०.२, म्हणजे ३.३. ०.४ लिटर जुनं ऑइल आतच राहिलं आणि त्यावर तुम्ही पूर्ण ३.७ ओतलं.

आता पट्टीकडून पडताळा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो, तुमच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तो बघा. २० मिलिमीटरला १ लिटर, तर ८ मिलिमीटरला ०.४ लिटर. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, तेव्हा सकाळची मोजणी खरी माना.

राहिलं का, तेही सांगतो. इंजिन थंड असताना ऑइल जाड असतं, वरच्या भागात आणि चेंबरच्या भिंतींना चिकटून राहतं, सावकाश उतरतं. त्यात गाडी फक्त पुढून उचललेली. चेंबर मागे कलतो. तुमचा ड्रेन बोल्ट चेंबरच्या पुढच्या अंगाला असेल तर मागच्या कोपऱ्यात ऑइल साचून राहतं आणि बोल्टमधून थेंबच येत राहतात. वाटतं की संपलं. बोल्ट मागच्या अंगाला असेल तर हाच कल उलट फायद्याचा.

धागाकर्ती

बोल्ट पुढच्याच अंगाला आहे! पुस्तिकेत ३.५-३.७ हे आकडे आहेत आणि खुणांमधला फरक १ लिटर असंही छापलंय, ते आत्ता नजरेस पडलं. खूप खूप आभार. म्हणजे पुस्तिका चुकीची नव्हती, मी निथळू दिलं नाही.

पण काल संध्याकाळी वेगवेगळं का दिसत होतं?

प्रतिसाद ३

कारण तुम्ही एक मिनिट इंजिन चालवलंत आणि ऑइल वर, नळ्यांत, हेडमध्ये गेलं. थंड ऑइल उतरायला वेळ लावतं. शिवाय पट्टी ज्या नळीतून जाते तिच्या आतल्या बाजूलाही ऑइल माखलेलं असतं, पट्टी वर काढताना ते तिला लागतं. त्यामुळे एक बाजू ओघळते. नियम असा की दोन बाजू वेगळ्या दिसल्या तर खालची बाजू खरी धरायची. पण तुमच्या बाबतीत खालची बाजूही फसवी होती, कारण बरंच ऑइल तेव्हा चेंबरमध्ये पोचलंच नव्हतं. रात्रभर उभ्या गाडीची सकाळची पहिली, इंजिन चालू करण्याआधीची मोजणी सगळ्यात स्वच्छ येते. तुमच्या बाबांनी रविवारी सकाळची वेळ निवडली होती ती अगदी योग्य.

नवीन ऑइल दिसत नसेल तर पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवा. ऑइलचा डाग जिथे थांबतो ती पातळी. किंवा पट्टी आडवी धरून उजेडात तिरकी करा, ओला भाग चमकतो.

प्रतिसाद ४

माझ्या मते काढायची गरज नाही. अर्धा लिटर जास्त असून मी वर्षानुवर्षं चालवली आहे, काही झालं नाही. उगाच घाबरू नका.

प्रतिसाद ५

वरच्या प्रतिसादाशी असहमत आहे. मी इंजिनं उघडायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेंबरच्या वर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, फिरतो. आरामात चाललेल्या गाडीतही मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे. वरच्या खुणेपर्यंत ऑइल असेल तर क्रँकची वजनं ऑइलच्या पृष्ठभागापासून दूर राहतात. पातळी वाढत गेली की ती वजनं ऑइलवर आपटतात आणि घुसळून फेस करतात. फेस म्हणजे ऑइलमध्ये हवा. पंप मग हवामिश्रित ऑइल ढकलतो, बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्रा कमकुवत होतो, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) असतील तर टकटक ऐकू येते. दुसरं, उडणारं ऑइल श्वासनळीतून म्हणजे ब्रीदरमधून इनटेकमध्ये (इंजिनात हवा शिरते त्या वाटेत) जातं, जळतं, निळसर धूर निघतो आणि कालांतराने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. ऑइल सील आणि गॅस्केटवर ताण येतो तो वेगळाच.

०.४ लिटरला प्रत्येक इंजिनात हे सगळं होईलच असं नाही. चेंबर खोल असेल तर काहीच होणार नाही, प्रतिसाद ४ मधल्या गाडीचं तसंच असावं. पण तुमच्या इंजिनात क्रँक आणि पातळी यांत किती अंतर उरलंय हे बाहेरून दिसत नाही. शिवाय ही थंड ऑइलची पातळी. गरम झाल्यावर ऑइल फुगतं. ६०-७० अंश तापमान वाढलं की साधारण ४ ते ५ टक्के, म्हणजे चार लिटरवर जवळजवळ २०० मिली. अर्ध्या तासाच्या कामासाठी ही शंका मनात ठेवून गाडी कशाला चालवायची? काढून टाका.

बोल्ट ढिला करून थोडंसं सोडायच्या भानगडीत पडू नका. धार आवरत नाही, हात माखतात, वॉशर पुन्हा बदलावा लागतो. पट्टीच्या नळीतून वरूनच काढा. मोठी सिरिंज घ्या, तिला घट्ट बसणारी बारीक आणि जरा ताठ नळी लावा. नळी पट्टीशेजारी धरून पट्टीपेक्षा थोड्या जास्त लांबीवर चिकटपट्टीची खूण करा आणि खुणेपर्यंतच आत सोडा. टोक आत निसटणार नाही याची पूर्ण खात्री हवी. इंजिन आधी दोन मिनिटं नुसतं चालू ठेवून बंद करा, ऑइल जरा पातळ होतं, ओढायला सोपं. तेवढ्याने काही बिघडत नाही. मात्र रेस देऊ नका.

अर्धा लिटर काढा, म्हणजे खुणेच्या किंचित खाली येईल. वरच्या खुणेला तंतोतंत टेकवायचा हट्ट नको. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तरी इंजिन सुरक्षित असतं, वरच्या पाव भागात असलं की उत्तम. जुनं ०.४ लिटर नव्यात मिसळलंय त्याची चिंता करू नका, पुन्हा सगळं बदलायची गरज नाही.

प्रतिसाद ६

एक भर. डिझेल गाडीवाले कोणी हा धागा वाचत असतील तर: ऑइल बदललेलं नसताना पातळी आपोआप वाढताना दिसली तर ते वेगळं प्रकरण आहे. धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, ते सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पट्टीला डिझेलचा वास येतो. तिथे वरचं ऑइल काढून भागत नाही, पूर्ण बदलावं लागतं. डिझेल इंजिनात पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचं ऑइल ओढून जाळत सुटतं आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही.

आणि तो लाल दिवा पातळीचा नाही, दाबाचा असतो. दिवा विझला म्हणजे पातळी बरोबर असा अर्थ कोणी काढू नये. कमी पातळीत तो आधी वळणावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकतो, पंप हवा ओढतो तेव्हा. इतकं होईपर्यंत थांबायचं नसतं.

धागाकर्ती

मंडळी, झालं! ६० मिलीची सिरिंज होती, आठ वेळा पूर्ण भरून ओढली, ४८० मिली निघालं. प्रत्येक वेळी मापाच्या बाटलीत ओतून नोंद केली. त्याआधी दोन वेळा नळीत हवाच येत होती. टोक भिंतीला टेकलं होतं बहुतेक, जरा फिरवल्यावर ऑइल आलं. जुनं ऑइल आणि हे काढलेलं वेगवेगळ्या बंद डब्यांत ठेवलंय, गोळा करणाऱ्या केंद्रावर देणार, नाल्यात नाही.

पुढच्या वेळचं असं ठरवलंय: आधी गाडी पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं, हात भाजेल इतकं नाही. धार थांबल्यावर गाडी स्टँडवरून खाली, सपाट आणून आणखी निथळू द्यायची. भांडं आधीच मधोमध सरकवून ठेवायचं. आणि भरताना ३.७ नाही, आधी ३.२ ओतायचं. मग इंजिन चालवून फिल्टर भरू द्यायचा, थांबायचं, पट्टी बघायची आणि उरलेलं शंभर-शंभर मिलीने. यात काही चुकत असेल तर सांगा.

प्रतिसाद ५

काही चुकत नाही. फक्त भांडं सरकवायला किंवा बोल्ट बसवायला हात घालताना गाडी नुसत्या जॅकवर असू देऊ नका, स्टँड हवेतच. उद्या सकाळी पट्टी पाहून इथे कळवा.

धागाकर्ती

आज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, कागदावर टेकवून पाहिलं. दोन्ही बाजूंना एकसारखी रेघ, वरच्या खुणेच्या दीड मिलिमीटर खाली. मग वीसएक किलोमीटर चालवून आणली, सपाटीवर उभी करून दहा मिनिटांनी परत पाहिलं, वरच्या खुणेच्या आतच आहे. खाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, त्यावर एकही थेंब नाही. बाबांच्या जुन्या वहीत तारीख, किलोमीटर आणि ‘३.७ भरलं, ०.४८ काढलं’ असं लिहून ठेवलं.