मदत हवी आहे: कार्बोरेटर साफ केल्यावर स्कूटर चालूच होत नाही

राजेहो, ११० सीसीची जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर आहे. घरीच कार्बोरेटर खोलून साफ केला, एअर फिल्टर अन् प्लग नवा टाकला. आता सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. किक मारून पाय दुखला.

प्लग काढून हेडला टेकवला तर निळी ठिणगी पडते. मात्र प्लगचं टोक कोरडं ठणठणीत, पेट्रोलचा वासही नाही. कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल टाकलं की फटफट करते अन् लगेच बंद. म्हणजे करंट अन् कॉम्प्रेशन ठीक असावं, घोळ पेट्रोलचाच. टाकी अर्धी भरलेली आहे. या गाडीत पेट्रोलचा कॉक (टाकीची तोटी) व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीने उघडतो. त्याची बारीक नळी तोंडाने ओढली तर पेट्रोल धारेने येतं. पण सेल्फ मारताना कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल केला, तर थेंबथेंबच.

वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई अडकली असेल, की मॅनिफोल्डची (कार्बोरेटर अन् इंजिन जोडणाऱ्या नळीची) ओ-रिंग नीट बसली नसल्याने व्हॅक्यूमच तयार होत नसेल? कार्बोरेटर पुन्हा न उतरवता हे कसं ओळखायचं? नागपुरात मानेवाड्याकडे घरी येणारा मेकॅनिक असला तरी सांगा भाऊ, या उन्हात ढकलत न्यायची हिंमत नाही.